दादाचं पिस्तूल आणि आडगावच्या तोफा

परवा शनिवारी सकाळी नुकताच चहा ठेवला होता, तेवढ्यात दादाचा डॅलसहून फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. अकोट तालुक्यातलं आमचं गाव, तिथून शेगावला इंजिनिअरिंग, मग पुणे, मग अमेरिका. बारा वर्षं व्हिसावर काढल्यावर आता कुठे ग्रीन कार्ड हातात पडलंय. तिकडे मीटिंगमध्ये काय इंग्रजी झाडत असेल ते असो, माझ्याशी बोलताना गडी थेट वऱ्हाडीवर येतो.

"काऊन बे, झोपला होता काय?"

"नाही रे, चहा करतोय."

"बरं आयक. मले एक पिस्तूल घ्याचं हाय. चार हजार डॉलरचं. घेऊ का नको?"

चहा उतू गेला.

प्रकार असा की गेलं वर्षभर दादा ऑफिसातल्या मंडळींबरोबर दर रविवारी रेंजवर जातो. तिथे भाड्याच्या पिस्तुलाने कागदावर गोळ्या मारतो आणि घरी येतो. आता त्याला स्वतःचं हवंय, आणि तेही साधं नको. '१९११' नावाचं एक पिस्तूल आहे. जॉन ब्राऊनिंगने डिझाइन केलेलं, अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारलेलं, म्हणून हे नाव. आज त्याचं साधं कारखानी मॉडेल हजार डॉलरच्या आत मिळतं. पण विल्सन कॉम्बॅट, नाइटहॉक कस्टम असे काही कारखाने तेच पिस्तूल हाताने घडवून देतात. नाइटहॉकमध्ये तर एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो. किंमत साडेतीन-चार हजार डॉलरपासून पुढे, तुमची हौस असेल तिथपर्यंत.

वहिनीला अजून सांगितलेलं नाही, हे त्याने हळू आवाजात सांगितलं. चार हजार डॉलर म्हणजे त्यांच्या घरातल्या तिघांची भारताची विमानाची तिकिटं, हे त्याने सांगितलं नाही. ते मला आपोआप कळलं. मोठे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हा तो येऊन गेला, त्यानंतर आलेला नाही.

मी पडलो मेकॅनिकलचा. नोकरी कोडिंगची असली म्हणून काय झालं, टॉलरन्स म्हटलं की अजून हात शिवशिवतात. विकांत त्यातच घालवला.

पिस्तुलाला जास्तीचे तीन हजार कशाचे? मुख्यतः जुळणीचे. वरची स्लाइड आणि खालची फ्रेम यांच्यात किती मोकळीक ठेवायची, नळी दर वेळी किती नेमकी त्याच जागी येऊन बसते, ट्रिगर किती स्वच्छ सुटतो, याचे. लष्कराच्या १९११ मध्ये ही मोकळीक मुद्दाम बरीच होती. हलवलं की खुळखुळायचं म्हणतात. पण चिखल गेला तरी चालायचं, आणि एका पिस्तुलाचा सुटा भाग दुसऱ्यात बसायचा. कस्टमवाला कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ही मोकळीक जवळजवळ नाहीशी करतो. त्यामुळे विल्सन कॉम्बॅट २५ यार्डांवर १ इंचाच्या आत गोळ्या पडतील अशी हमी देऊ शकतं. साधं पिस्तूल तिथे, समजा, ३ इंचांत मारतं.

म्हणजे तिप्पट चांगलं? थांबा. पिस्तूल कोणाच्या तरी हातात असतं. दादाने पाठवलेल्या टार्गेटच्या फोटोवरून मी त्याच्या हाताचा विखुराव साधारण ६ इंच धरला (त्याला ४ वाटतो). दोन स्वतंत्र चुका एकत्र येतात तेव्हा त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. साध्या पिस्तुलाने ३६ अधिक ९, वर्गमूळ ६.७ इंच. कस्टमने ३६ अधिक १, वर्गमूळ ६.१ इंच. तीन हजार डॉलर मोजून मिळाला अर्धा-पाऊण इंच! उलट साधं पिस्तूल ठेवून सरावाने हात ६ चा ४ वर आणला, तर १६ अधिक ९, म्हणजे सरळ ५ इंच. तिकडे .४५ ची गोळी अर्ध्या डॉलरच्या आसपास पडते. तीन हजारांत सहा हजार गोळ्यांचा सराव होतो.

मी हे सगळं एक्सेलमध्ये टाकून दादाला पाठवलं. उत्तर आलं, "गणित बरोबर हाय तुह्यं. पण वस्तू पाह्यली काय तू?"

वस्तू. हा शब्द वाचला आणि मला नरनाळा आठवला.

मी आठ वर्षांचा असताना दादाने मला पहिल्यांदा नरनाळ्याला नेलं होतं. तेव्हा तो अठराचा, नुकती मोटरसायकल हातात आलेली. शहानूरहून वर चढायचं, महाकाली दरवाजाची ती कोरीव नक्षी बघायची आणि मग किल्ल्यावरच्या नऊगजी तोफेपाशी जायचं, हा आमच्या भागातल्या प्रत्येक सहलीचा ठरलेला कार्यक्रम. ही प्रचंड लांबीची तोफ नुसती उघड्यावर पडलेली असते. मी तिच्यावर चढून बसलो होतो. बरोबरच्या एका म्हाताऱ्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं की या तोफेचा गोळा थेट अकोटात पडायचा. दादा आणि मी दोघांनीही ते कित्येक वर्षं खरं मानलं. कॉलेजात गेल्यावर मी हिशेब केला. अकोट तिथून वीसेक किलोमीटर. हवाच नाही असं धरलं आणि ४५ अंशांत मारलं, तरी सेकंदाला सुमारे ४४३ मीटर वेग लागेल. आता हवा आहे, आणि गोल गोळ्याला ती फार पटकन रोखते. तेव्हा दोन-तीन किलोमीटर म्हणा. अकोट सुरक्षित होतं.

पण तोफ वस्तू म्हणून काय होती! ती ओतताना किती धातू, किती कोळसा, किती माणसं लागली असतील. आणि आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं युद्ध झालं १८०३ साली, तेव्हा ती कुठे होती? तिथेच. किल्ल्यावर. इंग्रज नरनाळ्याकडे वळलेच नाहीत.

महागड्या शस्त्राची किंमत वसूल होते का, हा प्रश्न डॅलसच्या दुकानात पडला तर तो हौसेचा. १८०३ मध्ये तो आपल्याकडे लाखो रुपयांचा आणि हजारो माणसांच्या जिवाचा होता.

थोडं मागे जातो. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी ओळखलं की पुढच्या लढाया कवायती पायदळाने आणि तोफांनी जिंकल्या जाणार. त्यांनी द बॉइन या सॅव्हॉयच्या सेनानीला नोकरीत घेतलं, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना घातला, त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस नेमला. स्वस्तातलं काम नव्हतं हे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याजवळ असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, त्याचे जवळपास १६०० सैनिक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यातले बरेचसे या तोफांनी केले. लढाईनंतर हाती लागलेल्या तोफा बघून वेलस्लीने पत्रात लिहिलं की नव्वदहून जास्त तोफा मिळाल्या आहेत, आणि त्यातल्या सत्तर पितळी तोफांइतकं सुंदर काम आपण आजवर पाहिलेलं नाही. हरलेल्या बाजूच्या मालाला जिंकलेल्या सेनापतीने दिलेलं हे सर्टिफिकेट. तेव्हा 'आपल्या तोफा भंगार होत्या म्हणून आपण हरलो' हे जे शाळेत डोक्यात बसलेलं असतं, ते आधी काढून टाकावं लागतं.

आता आडगाव. इंग्रजी पुस्तकांत 'अरगाम' दिसतं ते हेच आपलं तेल्हारा तालुक्यातलं आडगाव. आमच्या गावाहून एसटीने फार तर तासाभराचा रस्ता. २९ नोव्हेंबर १८०३. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू पायदळ आणि तोफा घेऊन उभे, सोबत शिंद्यांचं घोडदळ. वेलस्लीचं सैन्य सकाळपासून चालून दमलेलं. दुपार कलली तेव्हा त्याला समोर मराठी फौजेची रांग दिसली. उद्यावर ढकलावं असा विचार न करता त्याने लगेच लढायचं ठरवलं.

त्याची फौज शिरसोली गावाजवळून मैदानात उतरत होती. पुढे असलेल्या शिपायांवर भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि तीन पलटणी फुटल्या. सरळ पाठ फिरवून पळाल्या. आणि या पलटणी काही नवख्या नव्हत्या, दोन महिन्यांपूर्वी असईला याहून भयंकर माऱ्यात टिकलेल्या होत्या. वेलस्ली योगायोगाने जवळच होता. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला गोळा केलं, पुन्हा रांगेत उभं केलं. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की मी तिथे नसतो तर तो दिवस हातचा गेला असता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं, हाच तो क्षण. तोफांनी आपलं काम चोख केलं होतं. किंमत पुरेपूर वसूल. समोरची फळी फुटलेली, उजेड तासाभराचा उरलेला, आणि आपल्याकडे हजारोंचं घोडदळ मोकळं उभं. आता कोणीतरी "चला" म्हणायचं होतं.

कोणी म्हटलं नाही. तोफा जिथे होत्या तिथेच राहिल्या, रांग जिथे होती तिथेच राहिली. वेलस्लीने तेवढ्या वेळात सगळी फळी मांडून घेतली, मांडणी होईपर्यंत माणसांना जमिनीवर आडवं पडायला लावलं म्हणजे गोळे वरून जातील, आणि मग एका रेषेत पुढे सरकला. भोसल्यांकडच्या अरबांच्या एका तुकडीने दोन स्कॉटिश पलटणींवर चढाई केली आणि ती तिथेच कापली गेली. बाकीची रांग मागे हटली, मग पांगली. कंपनीच्या घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला. इंग्रजांचं नुकसान साडेतीनशेच्या आसपास, मेलेले आणि जखमी मिळून. आपल्या ३८ तोफा गेल्या. आणि दारूगोळाही गेला, सगळाच्या सगळा. म्हणजे तो संपलेला नव्हता.

इथे मी दर वेळी अडकतो. चांगली तोफ, भरपूर दारूगोळा, पळणारा शत्रू, आणि तरीही पराभव. डीबगिंगची सवय असलेल्या माणसाला हे छळतं. हार्डवेअर ठीक आहे, इनपुट ठीक आहे, मग आउटपुट असं का?

रँडॉल्फ कूपर नावाच्या इतिहासकाराचं या मोहिमेवरचं पुस्तक २००३ साली आलं. त्याचं म्हणणं मला पटतं. शस्त्रांत मराठे कमी नव्हतेच. फरक पैशाच्या व्यवहारात होता. मराठी फौजांचे पगार थकायचे, शिपाई वसुलीसाठी सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरून बसायचे. कंपनीला सावकार कर्ज देत होते, त्यामुळे तिच्या शिपायाला पगार मिळेल याची बऱ्यापैकी खात्री होती. युद्ध सुरू होताना वेलस्लीच्या थोरल्या भावाने, म्हणजे गव्हर्नर जनरलने, जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय आम्ही करू. बरेच गेले. उत्तरेत तर खुद्द शिंद्यांचा मुख्य सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. महादजींनी आग्र्यात पाण्यासारखा पैसा ओतून जी यंत्रणा उभी केली, तिचा पितळी भाग अव्वल राहिला आणि माणसांचा भाग विकत घेता येण्याजोगा निघाला. शिवाय तोफ कधी पुढे न्यायची हे ठरवायला कोणाकडे अधिकार होता? दोन राजांची फौज, एकाचं पायदळ, दुसऱ्याचं घोडदळ, आणि शिंद्यांनी तर आठवडाभर आधी इंग्रजांशी वेगळी युद्धतहकुबीही केली होती!

वेलस्लीने पैसा कशावर लावला ते बघा. बैलांवर. टिपूकडून आलेल्या म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांचं त्याला भारी कौतुक. तांदळावर, वंजाऱ्यांच्या तांड्यांवर, वेळेवरच्या पगारावर. हे सगळं कंटाळवाणं आहे, संग्रहालयात ठेवण्यासारखं यात काही नाही.

आडगावनंतर पंधरा दिवसांत चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर हेच पुन्हा झालं. किल्ल्यात तोफा होत्या, इंग्रजी बनावटीच्या बंदुकांचा मोठा साठाही होता. उत्तरेच्या बाजूने जड तोफा वर आणणं अशक्य मानलं जायचं. कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांनी रस्ता स्वतः करत, मेळघाटच्या दऱ्याखोऱ्यांतून त्या तोफा बराचसा भाग हातांनी ओढत नेल्या. १२ डिसेंबरला पोचले, १३ ला मारा सुरू, १५ ला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. १७ ला देवगावचा तह होऊन भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, ३० ला अंजनगाव सुर्जीला शिंद्यांचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा मात्र तहात भोसल्यांकडेच राहिले. म्हणजे नऊगजी तोफ आपल्याकडेच राहिली आणि ती ज्या मुलखाच्या राखणीसाठी होती त्यातला बराचसा गेला.

आता पिस्तुलाकडे येतो, कारण याच वेलस्लीची एक गोष्ट राहिली. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, नेपोलियनला हरवलं, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्या काळी लंडनमध्ये जोसेफ मँटन नावाचा बंदूककार होता. हाताने जुळवलेल्या पिस्तुलांच्या आणि बंदुकांच्या बाबतीत तो त्या काळचा विल्सन कॉम्बॅट समजा. उमराव त्याच्या दुकानी रांग लावायचे. मँटन घराण्याचं दुकान पुढे कलकत्त्यालाही निघालं आणि आपले राजेरजवाडे गिऱ्हाईक झाले. (मँटन स्वतः १८२६ साली दिवाळखोर झाला, तो भाग वेगळा.) २१ मार्च १८२९ ला पंतप्रधान वेलिंग्टनवर लॉर्ड विंचिल्सीशी द्वंद्वयुद्ध करायची वेळ आली. आणि कळलं काय, तर आयुष्यभर लढाया केलेल्या या माणसाकडे द्वंद्वाची पिस्तुलंच नव्हती. डॉक्टर ह्यूम यांची पिस्तुलं आणवावी लागली. वेलिंग्टनने बाजूला गोळी मारली, विंचिल्सीने हवेत, आणि मंडळी घरी गेली.

यावर दादाचं म्हणणं: "त्याच्यापाशी फौज होती बे. माह्यापाशी काय हाय?"

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. महागड्या शस्त्राची किंमत कधीच वसूल होत नाही असं मला म्हणायचं नाही. माझ्याच सूत्रात हाताची चूक ६ च्या जागी अर्धा इंच घाला, गणित उलटतं. मग सगळा विखुराव हत्यारातूनच येतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथे रायफलमधली, काडतुसातली केसाएवढी चूकसुद्धा दिसते, आणि तिथे जुळणीला मोजलेला पैसा पूर्ण कामाला लागतो. पण आधी हात तिथवर आणावा लागतो.

दादाचा हात कुठून आला ते मला माहीत आहे. आबांची, म्हणजे आमच्या आजोबांची एक बर्मिंगहॅमची दुनळी होती. बारा बोअर, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर. आबांनंतर ती मोठ्या बाबांकडे आली. रानडुकरं आणि रोही हरभऱ्यात शिरले की मोठे बाबा रात्री मचाणावर बसायचे. एकही डुक्कर त्यांनी मारल्याचं मला आठवत नाही. ते हवेत बार काढायचे. काडतुसं मोजून मिळायची आणि महागही होती, त्यामुळे एका रात्री एकच बार. बंदुकीचं काम आवाज करण्याचं. पण दर रविवारी सकाळी ओट्यावर पोतं अंथरून ती साफ व्हायची, आणि नळीतून चिंधी ओढायचं काम दादाकडे असायचं. मला हात लावू देत नसत.

मोठे बाबा गेल्यावर लायसन्सधारकच उरला नाही, म्हणून ती दुनळी अकोल्याच्या एका परवानाधारक दुकानात जमा केली होती. तीन वर्षं तिथेच आहे. मागच्या विकांताला मी घरी गेलो होतो, तेव्हा बाबांना घेऊन दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने आतून आणून काउंटरवर ठेवली. नळ्या आतून आरशासारख्या. दस्त्याला एका जागी चीर, ती मोठ्या बाबांनी तांब्याच्या तारेने आवळलेली. किंमत विचारली तर तो हसला. म्हणाला, "भाऊ, दुनळीले गिऱ्हाईक नाही. जुनं विदेशी पिस्तूल असलं तं सांगा, काही लाखाले जाते." १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून बाहेरची जी पिस्तुलं देशात होती तेवढीच फिरतायत, म्हणून तो भाव. अमेरिकेत त्यातलं एखादं काही शे डॉलरला मिळेल. किंमत आणि कामगिरी यांचा इथे काडीचाही संबंध नाही.

मग त्याने रजिस्टर उघडलं आणि सांगितलं की असं किती दिवस ठेवणार, वारसांनी ठरवा. कोणाच्या नावावर लायसन्स करून घ्यायचं की विकायचं. विकायचं तरी सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. रजिस्टरमध्ये बंदुकीच्या नंबराखाली लिहिलं होतं, काडतुसं ७.

रात्री दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"सात हायत?"

"हो. रजिस्टरमध्ये सात लिहिलीत."

"दहा घेतली होती बाबानं त्या साली. मले फोनवर सांगतलं होतं." मग म्हणाला, "सह्यांले मले स्वतःले याव लागते काय?"

मी म्हटलं, कागद पाठवूनही होतं बहुतेक, विचारून सांगतो.

"नको इचारू," दादा म्हणाला. "वहिनीशी बोलून तुले तारीख कळवतो."